उन्हाळ्यासाठी हलक्या इटालियन वाइन: बाटली कशी निवडायची, किती थंड करायची

प्रश्न असा आहे: उन्हाळ्यात जेवणाआधी किंवा जेवणाबरोबर घेता येतील अशा हलक्या, तरतरीत इटालियन वाइन हव्या आहेत. प्रोसेक्को ही फेसाळ वाइन आणि पिनो ग्रीजो ही पांढरी सगळीकडे मिळतात. त्यापलीकडे काय घ्यावं आणि दुकानात उभं राहून चांगली बाटली ओळखायची कशी?

दुकानापासूनच सुरुवात करू. बाटली हातात घेतली की द्राक्षाचं नाव वाचण्याआधी अल्कोहोलचा आकडा बघा. उन्हाळ्यासाठी 11 ते 12.5 टक्के हा पट्टा सोयीचा. 750 मिलीच्या बाटलीत 11.5 टक्क्यांनी साधारण 86 मिली शुद्ध अल्कोहोल असतं, 14 टक्क्यांनी 105 मिली. म्हणजे तेवढ्याच बाटलीत वीस टक्क्यांहून जास्त. युरोपीय नियमांनुसार छापलेला आकडा खऱ्यापेक्षा अर्ध्या टक्क्याने कमीजास्त चालतो, तेव्हा 13 छापलेल्या बाटलीत 13.5 असू शकतं. हे जास्तीचं अल्कोहोल वाइन गार असताना कळत नाही. ग्लास हातात दहा मिनिटं राहिला आणि वाइन कोमटली की घशात चटका जाणवायला लागतो.

दुसरी गोष्ट आंबटपणा, आणि तो लेबलवर छापलेला नसतो. तो जागेवरून ताडावा लागतो: डोंगरउतार, थंड रात्री, समुद्राचा वारा आणि पिकल्यावरही आंबटपणा न सोडणारी द्राक्षाची जात. तिसरी गोष्ट लाकूड, म्हणजे पिंपात मुरवल्याची चव. लेबलवर 'रिझेर्वा' (जास्त काळ मुरवलेली) किंवा 'बार्रिक' (ओकचं छोटं पिंप) दिसलं की ती बाटली थंडीच्या दिवसांसाठी बाजूला ठेवा. 'सुपेरिओरे' बघून बरेच जण फसतात. बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ किमान अल्कोहोल जास्त, एवढाच असतो. उन्हाळ्यात ते हवं असतंच असं नाही. 'क्लासिको' हा शब्द मात्र कामाचा. त्या वाइनचा जुना, मूळ इलाखा असा त्याचा अर्थ, आणि तो बहुधा टेकड्यांचाच असतो.

इटलीच्या बऱ्याच पांढऱ्या वाइन नाकाला फारसं काही देत नाहीत. फळांचा घमघमाट नसतो आणि शेवटी जिभेवर कडवट बदामासारखी पुसट चव राहते. न्यूझीलंडच्या सोव्हिन्यों ब्लांची सवय असलेल्याला हा दोष वाटतो. तो दोष नाही. हाच कडसरपणा तळणाचं तेल आणि माशाचा चिकटपणा तोंडातून काढून टाकतो. नुसती फळाळ आणि जराशी गोड वाइन पहिल्या ग्लासात आवडते. दुसऱ्यात नकोशी होते.

पांढऱ्यांत पहिली शिफारस सोआवे क्लासिकोची. वेरोनाच्या पूर्वेला सोआवे आणि मोन्तेफोर्ते दाल्पोने या दोन गावांच्या टेकड्यांवर गार्गानेगा नावाचं द्राक्ष होतं. जमीन बऱ्याच ठिकाणी काळ्या ज्वालामुखी खडकाची, आणि वेली जुन्या पद्धतीने मांडवावर चढवलेल्या. पानांच्या सावलीत घड लटकतात, उन्हात करपत नाहीत आणि आंबटपणा टिकतो. गार्गानेगा पिकतंही उशिरा. सोआवेचं नाव खराब झालं ते सपाटीमुळे: पुढे टेकड्यांखालची सुपीक जमीन त्याच नावाखाली आली, एकरी उतारा वाढला आणि पाणचट वाइन बाजारात आली. म्हणूनच 'क्लासिको' हा शब्द बघायचा. साध्या सोआवेशी किमतीतला फरक फार नसतो, चवीतला खूप असतो. खरबूज, लिंबाची साल, ओला दगड आणि शेवटी बदाम. अल्कोहोल साधारण 12 ते 12.5. ही वाइन फार गार केली तर पाण्यासारखी लागते. 10 अंशांना द्या.

सोआवेत थोड्या प्रमाणात मिसळता येणारं त्रेब्बियानो दी सोआवे हे द्राक्ष म्हणजे दुसरंतिसरं काही नसून मार्के प्रांतातलं वेर्दिक्कियो. माझ्या मते उन्हाळ्यासाठी इटलीतलं सर्वांत भरवशाचं पांढरं द्राक्ष हेच. भरवशाचं अशासाठी की गरम वर्षातही ते आंबटपणा सोडत नाही. त्याचे दोन इलाखे. कास्तेल्ली दी येझी एड्रिॲटिक समुद्राच्या बाजूला, तिथली वाइन जरा गोलाईची. मातेलिका आत डोंगरात. मार्केतल्या बाकी दऱ्या समुद्राकडे उघडतात, ही मात्र उत्तर-दक्षिण पसरलेली आहे आणि मध्ये डोंगर आडवा येतो. समुद्राची ऊब तिथे पोहोचत नाही, रात्री गार असतात आणि वाइनला धार येते. तळलेल्या माशाबरोबर मातेलिका, नुसती प्यायची तर येझी. दोन्हींच्या रिझेर्वा उत्तम असतात आणि वर्षानुवर्षं टिकतात, पण आपल्या आजच्या कामाच्या नाहीत. येझीची एखादी बाटली कमनीय सुरईच्या आकाराची, हिरवी असते. ती 1950च्या दशकातली जाहिरातीची कल्पना. आकारावरून चांगलं-वाईट काहीच ठरवू नका.

वेर्मेन्तिनो हे पांढरं द्राक्ष सार्डिनिया आणि लिगुरियाच्या किनाऱ्यांवर होतं. सार्डिनियाच्या ईशान्य टोकाला, ग्रॅनाइटच्या भुसभुशीत मातीवरचं वेर्मेन्तिनो दी गाल्लुरा सर्वांत नामांकित, त्याला डीओसीजी हा इटलीतला सर्वांत वरचा दर्जा आहे. पण गाल्लुरा सुपेरिओरेला किमान 13 टक्के अल्कोहोल लागतं आणि गरम वर्षी ते 14 पर्यंतही जातं. दुपारच्या जेवणासाठी साधं वेर्मेन्तिनो दी सार्देन्या जास्त बरं: खारट झाक, रोजमेरीसारखा रानटी वास, आणि स्वस्त. लिगुरियात 'पिगातो' लिहिलेलं दिसलं तर ते याच द्राक्षाचं स्थानिक रूप.

सिसिलीसारख्या उष्ण बेटावर हलकी वाइन कशी होईल, असं वाटतं. ती एतना ज्वालामुखीच्या उतारावर होते, कारण कार्रिकान्ते या पांढऱ्या द्राक्षाच्या वेली तिथे समुद्रसपाटीपासून 900 मीटर आणि त्याहून वरपर्यंत आहेत. दिवसा ऊन, रात्री स्वेटर लागेल अशी थंडी. एतना बियांकोत कार्रिकान्ते किमान 60 टक्के असतं. सुपेरिओरे असेल तर 80 टक्के, आणि ती फक्त पूर्व उतारावरच्या मीलो गावच्या हद्दीतली. इथे सुपेरिओरेचा अर्थ जागेशी बांधलेला आहे, म्हणून हा वरच्या नियमाला अपवाद. किंमत मात्र चढी. रोजची वाइन नव्हे.

नेपल्सच्या उत्तरेला आवेर्सा गावाभोवती आस्प्रिन्यो नावाचं द्राक्ष आहे. त्याच्या वेली पारंपरिक पद्धतीत चक्क पॉप्लरच्या झाडांवर चढवतात. हिरवी भिंत दहा-पंधरा मीटर उंच जाते आणि काढणीला माणूस लांबलचक अरुंद शिडीवर चढून घड तोडतो. वाइन इतकी आंबट की नुसती प्यायली तर दात शिवशिवतात. मोझारेला किंवा तळलेल्या माशाबरोबर मात्र तोड नाही. याची फेसाळ वाइनही करतात. इटलीत गेलात तर आवर्जून मागा, बाहेर क्वचितच मिळते.

पिनो ग्रीजो टाळा असं मी म्हणणार नाही. मैदानी 'देल्ले वेनेत्सिये' पिनो ग्रीजो एकदम गार करून पार्टीत वाटायला ठीक आहे. चव हवी असेल तर आल्तो आदिजेची घ्या, जिथे आल्प्सच्या उतारावर तेच द्राक्ष आंबटपणा धरून पिकतं. गावी, फ्रास्काती, फालांगिना याही याच कामाच्या. गावीत कोर्तेसे हे एकच द्राक्ष असतं. लिंबाळ, सरळ, कुणालाही चालेल अशी.

आता फेसाळ. प्रोसेक्कोत सगळ्यात जास्त घोळ गोडीच्या शब्दांचा आहे. 'ब्रुत' म्हणजे लिटरमागे 12 ग्रॅमपर्यंत साखर. 'एक्स्ट्रा ड्राय' म्हणजे 12 ते 17, आणि 'ड्राय' म्हणजे 17 ते 32. म्हणजे 'ड्राय' वाचून कोरडी (गोड नसलेली) समजून घेतलेली बाटली या तिघींत सर्वांत गोड निघते. उन्हाळ्यात ब्रुत घ्या. 6 ग्रॅमपर्यंतची एक्स्ट्रा ब्रुत मिळाली तर आणखी चांगलं. प्रोसेक्को मोठ्या बंद टाकीत दुसऱ्यांदा आंबवतात, त्यामुळे ती पाव-यीस्टच्या वासाची न होता नाशपाती-सफरचंदाच्या चवीची राहते. ठेवून ती सुधारत नाही, वर्षभरात संपवायची. कोनेल्यानो-वाल्दोब्बियादेने हे उभ्या टेकड्यांचं डीओसीजी क्षेत्र मैदानी डीओसीपेक्षा एक पायरी वर.

स्प्रिट्झ करायचा असेल तर महाग प्रोसेक्को घालणं म्हणजे पैसे पाण्यात. साधी ब्रुत 90 मिली, आपेरोल (नारिंगी, कडसर-गोड इटालियन मद्य) 60 मिली, सोडा 30 मिली, ग्लासभर बर्फ आणि संत्र्याची फोड. आधी बर्फ, मग प्रोसेक्को, मग आपेरोल. उलट केलं तर जड आपेरोल तळाशी बसतं. इटलीच्या ईशान्येला याहून जुना आणि हलका प्रकार आहे: पांढरी वाइन आणि सोडा निम्मे-निम्मे. 38 अंशांच्या दुपारी तोच शहाणपणाचा.

लाम्ब्रुस्को म्हटलं की कोकाकोलासारखी गोड लाल वाइन आठवते. निर्यातीसाठी तशी भरपूर बनवली गेली, हे खरंच. पण मोदेना शहराच्या उत्तरेला, सेक्किया आणि पानारो या दोन नद्यांमधल्या रेताड जमिनीवरची लाम्ब्रुस्को दी सोर्बारा प्यायल्यावर तो समज राहत नाही. रंग गुलाबी, फार तर फिकट डाळिंबी, आंबटपणा तीक्ष्ण, 11 टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल. या जातीची फुलं स्वतः नीट फळत नाहीत, म्हणून ओळींमध्ये सालामिनो ही दुसरी लाम्ब्रुस्को जात परागीभवनासाठी लावतात. तरीही घडात मोठ्या मण्यांबरोबर बारीक मणी राहतात, उतारा कमी येतो आणि रस दाट, आंबट होतो. लेबलवर 'सेक्को' (कोरडी) बघा. त्यानंतर अब्बोकातो, आमाबिले, डोल्चे अशी गोडी चढत जाते. ग्रास्पारोस्सा ही तिसरी जात गडद, तुरट. ती डुकराच्या मांसाच्या जड जेवणाला, उन्हाळ्याला नको. काही उत्पादक सोर्बारा बाटलीतच पुन्हा आंबवतात. तळाशी गाळ असतो. तशी बाटली दोन तास उभी ठेवून, न हलवता ओता.

मोस्कातो दास्ती गोड असते, म्हणून वाइनचे जाणकार नाक मुरडतात. मला ते पटत नाही. अल्कोहोल साधारण 5 टक्के, बुडबुडे मऊ, वास संत्र्याच्या फुलांचा आणि पीचचा. अल्कोहोल मिरचीचा जाळ वाढवतं आणि गोडी तो शमवते; तेव्हा कोल्हापुरी सुक्क्यासारख्या तिखटापुढे 13 टक्क्यांच्या कोरड्या वाइनपेक्षा मोस्कातो दास्तीच टिकते. एवढंच, की बाटली ताजी हवी. दोन-तीन वर्षांपूर्वीची मोस्कातो मधाळ आणि सपक होते.

लाल वाइन उन्हाळ्यात बंद करायची गरज नाही, फक्त कमी टॅनिनची (सालीतून येणाऱ्या तुरटपणाची) निवडायची आणि गार द्यायची. सिसिलीची फ्राप्पातो, आल्तो आदिजेची स्कियावा, गार्दा सरोवराकाठची बार्दोलिनो आणि साधी वालपोलिचेल्ला या चौघी 12 ते 14 अंशांना उत्तम. फ्राप्पातोला स्ट्रॉबेरीचा वास, स्कियावाला चेरी आणि बदाम. मोन्तेपुल्चियानो, प्रिमितिव्हो, नेरो दाव्होला गार करू नका. तुरटपणा थंडीने अंगावर येतो. रोझेत, म्हणजे गुलाबी वाइनमध्ये, आब्रुत्सोची चेरास्वोलो रंगाने गडद आणि जेवणाची. बार्दोलिनो इलाख्यातली कियारेत्तो फिकट आणि नुसती प्यायची.

किती जुनी घ्यायची? इटलीत काढणी ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये होते आणि साध्या पांढऱ्या वाइन पुढच्या वसंतात बाजारात येतात. पिनो ग्रीजो, फ्राप्पातो, रोझे, मोस्कातो यांच्यात मागच्याच हंगामाची घ्या. सोआवे क्लासिको, वेर्दिक्कियो, एतना दोन-तीन वर्षांची असली तरी बिनधास्त. उलट त्या तेव्हा जास्त बोलतात. 2003, 2017 आणि 2022 हे उन्हाळे इटलीत फार तापले होते. अशा वर्षांत मैदानी वाइन जड होतात, डोंगरातल्या तग धरतात.

भारतात घेताना वर्षाइतकाच बाटलीचा प्रवास महत्त्वाचा. आयात कर आणि राज्याचं शुल्क मिळून इटलीत स्वस्त असलेली बाटली इथे चांगलीच महाग पडते, आणि एवढे पैसे देऊन शिजलेली वाइन घेण्यात अर्थ नाही. एप्रिल-मेमध्ये बंद ट्रकमध्ये किंवा एसी नसलेल्या गोदामात वाइन तापली की ती फुगते, बूच वर सरकतं. म्हणून बुचाच्या टोकावरून बोट फिरवा: टोपण वर आलेलं, त्याखाली चिकट, किंवा बाटलीच्या मानेत वाइनची पातळी खाली गेलेली असेल तर परत ठेवा. एक-दोन वर्षांच्या पांढऱ्या वाइनचा रंग गडद सोनेरी झाला असेल, तरीही. उघडल्यावर मुरंब्यासारखा शिजल्या फळांचा वास आला तर ती गेलेली. स्क्रूकॅप असलेल्या बाटल्यांना कमी लेखू नका. उन्हाळी वाइनसाठी ते झाकण बुचापेक्षा निर्धोक.

उजेडाचा त्रास वेगळा. रोझे आणि काही पांढऱ्या वाइन बिनरंगी काचेत येतात. खिडकीजवळ किंवा दुकानाच्या प्रखर ट्यूबलाइटखाली राहिल्या की त्यांना उकडलेल्या कोबीसारखा, ओल्या लोकरीसारखा वास येतो. कपाटाच्या पुढच्या रांगेतली, धूळ बसलेली बाटली घेऊ नका. खोक्यातली काढून द्यायला सांगा.

आता थंड करणं, जिथे चांगल्या बाटलीचं निम्मं नुकसान होतं. फेसाळ वाइन 6 ते 8 अंश, साध्या पांढऱ्या आणि रोझे 8 ते 10, सोआवे-वेर्दिक्कियोसारख्या भरीव पांढऱ्या 10 ते 12, लाम्ब्रुस्को 10 ते 12. घरच्या फ्रिजमध्ये साधारण 4 अंश असतात, तेव्हा रात्रभर ठेवलेली सोआवे ओतण्याआधी दहा मिनिटं बाहेर काढा. 32 अंशांच्या खोलीतली बाटली फ्रिजमध्ये गार व्हायला तीन तास धरा. घाई असेल तर बादलीत निम्मा बर्फ आणि निम्मं पाणी, बाटली मानेपर्यंत बुडलेली, वर दोन मुठी मीठ. पंधरा-वीस मिनिटांत काम होतं. नुसता बर्फ भरला तर मध्ये हवेच्या पोकळ्या राहतात आणि दुप्पट वेळ जातो, आणि बहुतेक हॉटेलांत हेच चाललेलं दिसतं. फ्रीझरमध्ये ठेवलीच तर अर्ध्या तासाचा गजर लावा. वाइन गोठली की फुगून बूच ढकलते किंवा काच तडकवते. फेसाळ बाटली फ्रीझरमध्ये कधीच नको. ती उघडतानाही पुरेशी गार हवी. कोमट प्रोसेक्को उघडली की तिसरा हिस्सा टेबलावर. तार सोडल्यापासून अंगठा बुचावरून उचलू नका, बाटली 45 अंशांत तिरकी धरा, बूच घट्ट धरून बाटली फिरवा.

ग्लासात एका वेळी 80 ते 100 मिलीच ओता. आपल्या उन्हाळ्यात भरलेला ग्लास संपेपर्यंत कोमट होतो. ग्लासात बर्फ टाकण्यापेक्षा थोडं थोडं ओतून बाटली बादलीत परत ठेवणं केव्हाही बरं.

जेवणाचं थोडक्यात. तळलेले बोंबील आणि कोळंबीला मातेलिका किंवा ब्रुत प्रोसेक्को. नारळाच्या रसातल्या सौम्य माशाला सोआवे. भज्यांना सोर्बारा, आंबटपणा आणि बुडबुडे दोन्ही तेल कापतात. चिंच-कोकमाची आमटी किंवा सोलकढी असेल तर जेवण वाइनपेक्षा आंबट होऊन वाइन बेचव लागते. अशा वेळी ती जेवणाआधी संपवा.

इटालियन बाटलीचा खर्च झेपत नसेल तर सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळच्या फ्रातेल्ली या वाइन कंपनीकडे बघा. तिथे इटालियन भागीदार आहेत, तोस्कानाचे वाइनतज्ज्ञ प्येरो मासी यांनी तिथल्या वाइन घडवल्या, आणि सांजोवेझे हे तोस्कानाचं लाल द्राक्ष सालं बाजूला ठेवून पांढऱ्या वाइनसाठीही वापरतात. वेर्दिक्कियोची जागा ती घेत नाही, पण प्रवासात न तापलेली, ताज्या वर्षाची बाटली हा मोठा फायदा.

उरलेली पांढरी वाइन बूच लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस चांगली राहते, रोझे आणि हलकी लाल तेवढीच. फेसाळ बाटलीला चिमट्याचं खास झाकण घ्या, दुसऱ्या दिवशीही बुडबुडे मिळतील. तोंडात चमचा उलटा लटकवून ठेवायचा उपाय सगळीकडे सांगतात. त्याने काहीही होत नाही.